मतदार यादीपासून अधिवेशनापर्यंत: नागपुरातल्या नव्या ख्रिस्ती मतदारासाठी

रविवारची उपासना संपली की सदरमधल्या आमच्या चर्चच्या आवारात चहा होतो. निवडणूक जवळ आली की त्या चहाच्या गप्पांचा सूरच बदलतो. अशाच एका रविवारी नुकतीच अठरा पूर्ण झालेली एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, आपण कोणाला द्यायचं असतं?" तिच्या प्रश्नातलं "आपण" मला खटकलं, आणि "द्यायचं असतं" त्याहून जास्त. जणू ते कुठेतरी ठरलेलं आहे आणि तिला फक्त कळवायचं राहिलंय.

हे लिखाण तिच्यासाठी आहे. आणि नोकरीपायी वसईहून, अहिल्यानगरहून, जालन्याहून नागपुरात आलेल्यांसाठी, ज्यांना आपला प्रभाग कोणता हेही अजून धड ठाऊक नाही. यात कोणत्याही पक्षाचं नाव येणार नाही. तेवढंच सांगायचं असतं तर चहा संपायच्या आत सांगून झालं असतं.

पहिली पायरी: यादीत नाव

विवेकाच्या गोष्टी नंतर. यादीत नाव नसेल तर विवेक खिशात घालून घरी परत यावं लागतं. मी आले आहे. कामठीहून मानकापूरला राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती, आणि पत्ता बदलायचं काम "करू, करू" म्हणत राहून गेलं होतं. मतदानाच्या दिवशी उन्हात कामठी गाठली, तर जुन्या यादीतून नाव गेलेलं. नव्या यादीत ते असण्याचा प्रश्नच नव्हता. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझ्या आळसाचा.

पहिल्यांदाच नाव नोंदवायचं असेल तर नमुना 6 भरा. घर बदललं, नावात चूक आहे, ओळखपत्र हरवलं, अशा कामांसाठी नमुना 8. दोन्ही अर्ज निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा अ‍ॅपवर भरता येतात, नाहीतर आपल्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे, कागदावर द्यायचे. बीएलओ कोण, हे 1950 या क्रमांकावर विचारता येतं. अठरा वर्षं पूर्ण झाली की नाही हे पूर्वी फक्त 1 जानेवारीला मोजत. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करून ठेवता येतो.

आपल्या घरांत एक खास घोळ असतो. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. योहानाचा जॉन आणि जॉनचा जान झालेला मी पाहिला आहे. अर्ज भरताना जे ओळखपत्र जोडणार, त्यावरचं नाव अक्षरशः तसंच लिहा. पाळकसाहेब कोणत्या नावाने हाक मारतात ते आयोगाला कळत नाही.

दुसरी: खुर्ची कोणती ते ओळखा

नागपूर शहरात विधानसभेच्या सहा जागा आहेत: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, मध्य आणि दक्षिण-पश्चिम. सहाही मिळून नागपूर लोकसभा. कामठीला राहत असाल तर लोकसभेला तुम्ही रामटेकचे. महापालिकेत एका प्रभागातून साधारण चार नगरसेवक निवडायचे असतात, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि चार बटणं. नवखा माणूस एक बटण दाबून निघायला लागतो आणि मग आतले कर्मचारी त्याला परत बोलावतात.

हे समजून घ्यायचं कारण असं की आपला राग बरेचदा भलत्याच खुर्चीवर निघतो. परदेशी देणग्यांचा कायदा दिल्लीत ठरतो. पोलीस, शाळांचं अनुदान, धर्मांतराविषयीचे कायदे हे राज्याचं काम. नाली, कचरा, रस्त्यावरचे दिवे महापालिकेचे. नगरसेवकाच्या निवडणुकीत एक काका तावातावाने परदेशी देणग्यांवर बोलत होते आणि त्यांच्याच दारातली नाली पावसाळाभर तुंबलेली होती. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा त्या पाण्याने कोणाच्या दारावर क्रूस आहे आणि कोणाच्या दारावर तोरण, हे पाहिलं नाही. महापालिकेला मत देताना मी ती पहाट आठवते.

तिसरी: घड्याळ लावून घ्या

संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाचा मराठी पाठ काढून पाहा. त्यात धर्माचं आचरण आणि प्रसार यांच्याही आधी एक शब्द येतो: सदसद्विवेकबुद्धी. तिचं स्वातंत्र्य आधी, बाकीचं नंतर. कॅथलिक वाचकांना ठाऊक असेल की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 मध्ये विवेकाविषयी असंच काहीसं म्हटलं: ती माणसाच्या आतली अशी जागा आहे जिथे तो एकटा देवासमोर असतो. त्या जागेत पाळक नसतो, फादर नसतात, नवरा नसतो, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तर नाहीच नाही.

पण एवढं ऐकून काही जण म्हणतात, "मग काय, माझ्या मनाला पटलं ते बरोबर." इथे मला आमच्या चर्चमधलं भिंतीवरचं घड्याळ आठवतं. ते सात मिनिटं मागे आहे. बंद पडत नाही, टिकटिक अगदी प्रामाणिक, पण वेळ चुकीची. आणि रोज त्याच घड्याळाकडे पाहणाऱ्यांना ते चुकतंय हे कळतसुद्धा नाही. विवेकाचंही असं होतं. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात (4:4) हेच लिहिलं आहे: माझं मन मला कशाबद्दल दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. म्हणजे मन शांत आहे हा पुरावा नव्हे. ज्याचं घड्याळ रात्रंदिवस एकाच वाहिनीवर आणि एकाच ग्रुपवर लावलेलं आहे, त्याचं मनही शांतच असतं.

घड्याळ लावायला वेळ लागतो, म्हणून हे काम उमेदवार जाहीर व्हायच्या आधी करायचं. नाव कळलं की मग आपण वचनं त्या नावासाठी शोधायला लागतो. तरुण संघातल्या मुलांना मी तीन आठवड्यांचं वाचन देते आणि एकदम जास्त वाचू देत नाही.

पहिल्या आठवड्यात यिर्मयाचा 29 वा अध्याय. बाबेलात बंदिवान म्हणून गेलेल्या लोकांना पाठवलेलं हे पत्र आहे. परक्या शहरात घरं बांधा, बागा लावा, आणि त्या शहराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं भलं झालं तर तुमचंही होईल. नागपुरात नव्याने आलेल्या माणसासाठी याहून नेमकं काही मला सापडलेलं नाही. "आपलं गाव तिकडे, इथे आपण नोकरीपुरते" असं म्हणणाऱ्याने हा अध्याय दोनदा वाचावा. यिर्मयाने मंडळीचं भलं बघा असं लिहिलेलं नाही. शहराचं बघा असं लिहिलं आहे.

दुसऱ्या आठवड्यात निर्गम 18. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेला असतो. सासरा इथ्रो ते पाहून सांगतो, अरे, अशाने तू थकून जाशील, माणसं निवड. कशी माणसं? कर्तबगार, देवाचं भय बाळगणारी, सत्याला धरून चालणारी, लाचेचा तिटकारा असणारी. मुलांना मी दोन गोष्टी दाखवते. एक, यादीत कर्तबगारी पहिली आहे. नुसता सज्जन पण कामाला शून्य असा माणूस इथ्रोला नको होता. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. हा इथ्रो मिद्यानी याजक होता, इस्राएली नव्हे. कारभाराचा एवढा मोठा सल्ला बाहेरच्या माणसाने दिला आणि मोशेने तो मुकाट्याने ऐकला.

तिसऱ्या आठवड्यात रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये 5:29, दोन्ही एकाच बैठकीत. सत्तेच्या अधीन राहा असं पहिलं सांगतं. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मोठी असं दुसरं. एकटं रोम 13 हातात घेऊन फिरणारा माणूस भेटला तर त्याला प्रेमाने दुसरं उघडून द्या. उलट्या माणसाला पहिलं. मीखा 6:8 मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण ते पाठ असतं आणि पाठ असलेल्या गोष्टीवर आपण विचार करत नाही. न्याय, दया, नम्रता. यातली नम्रता प्रचारसभेत शोधून दाखवा, मी चहा पाजते.

चौथी: "आपला माणूस" आणि काटेरी झुडूप

काही वर्षांपूर्वी नाताळच्या कार्यक्रमाला एक इच्छुक आले. केक कापला, बाळ येशूच्या गोठ्यासमोर हात जोडून फोटो काढला, मुलांना पेन वाटले, दफनभूमीची भिंत बांधून देतो म्हणाले. आम्ही सगळे विरघळलो. "आपल्या कार्यक्रमाला येतो तरी," असं म्हणत मीही त्यांना मत दिलं. भिंत झाली नाही हे एक. पण मला जास्त बोचलं ते नंतर लक्षात आलेलं. शेजारच्या वस्तीतल्या बायका पाण्याच्या टँकरसाठी त्यांच्या दारी गेल्या तर ते भेटतही नव्हते, आणि हे त्या बायका मला मतदानाच्या आधीही सांगू शकल्या असत्या. मी विचारलंच नव्हतं. मी फक्त "आपल्याशी" कसे वागतात ते पाहिलं.

शास्ते या पुस्तकाचा 9 वा अध्याय तेव्हापासून मी दर निवडणुकीला वाचते. प्रचाराची अख्खी तंत्रं त्यात आहेत. अबीमलेख शखेमच्या लोकांना निरोप पाठवतो: मी तुमच्याच हाडामांसाचा आहे. लोक म्हणतात, हा तर आपला भाऊ. मग देवळातून सत्तर रुपये निघतात आणि त्या पैशांवर तो उनाड माणसं गोळा करतो. पुढे काय होतं ते रक्तरंजित आहे, स्वतः वाचा. त्यातून वाचलेला योथाम डोंगरावर उभा राहून एक दृष्टान्त सांगतो. झाडं राजा निवडायला निघतात. जैतून म्हणतो, माझं तेल सोडून मी कशाला येऊ. अंजीर म्हणतो, माझी गोड फळं सोडू का. द्राक्षवेलही नको म्हणते. शेवटी सगळी झाडं काटेरी झुडपाकडे जातात, आणि झुडूप म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा.

मे महिन्यात पारा 45 वर गेलेला असताना बाभळीच्या सावलीत बसून पाहिलेल्या नागपूरकराला हा विनोद समजावून सांगायची गरज नाही.

पण झुडपापेक्षा मला जैतून जास्त छळतो, कारण तो आपण आहोत. "आम्ही बाप्पा शाळा चालवतो, दवाखाने चालवतो, प्रार्थना करतो. राजकारणात कशाला पडायचं?" हे वाक्य मी चर्चच्या आवारात शंभरदा ऐकलं आहे. शाळा-दवाखाने चांगलेच, तेलही चांगलंच होतं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये इथे मिशनरी म्हणून आले. शाळा काढली, खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा लिहून घेतल्या, आणि एवढ्यावर न थांबता भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यानंतरच्या कारभारातले गैरप्रकारही वर्तमानपत्रातून मांडले. कारभार आपल्याच देशबंधूंच्या हातात होता म्हणून ते गप्प बसले नाहीत. त्या काळी मत नव्हतं, लेखणी होती. आज मत आहे आणि आपण घरी पंख्याखाली बसतो. 2024 च्या लोकसभेला नागपुरात निम्म्याहून थोडेच जास्त मतदार बाहेर पडले होते.

"आपला माणूस" या हिशोबाला आकड्यांतही अर्थ नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती जेमतेम एक टक्का होते. एकगठ्ठा मतांचा धाक घालावा एवढे आपण नाहीच. आणि एक इतिहास आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. ब्रिटिश सरकारच्या 1932 च्या जातीय निवाड्याने भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते: ख्रिस्ती मतदार, ख्रिस्ती उमेदवार. संविधान सभेत ते रद्द झाले. सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते, अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष होते, आणि राखीव जागांच्या कुंपणाशिवाय बाकीच्या देशबांधवांवर विश्वास टाकून राहण्याच्या बाजूने त्यांनी वजन टाकलं. त्या मागच्या पिढीने जे सोडलं ते आपण मनातल्या मनात पुन्हा बांधतो.

याचा अर्थ आपले प्रश्न विचारायचे नाहीत असा नाही. दफनभूमी हवी, प्रार्थनेला संरक्षण हवं, खोट्या तक्रारी थांबायला हव्यात. हे विचारणं हक्काचं आहे. 1950 चा अनुसूचित जाती आदेश ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा मानत नाही, त्यामुळे दलित ख्रिस्ती माणसाला उत्तर नागपूर किंवा रामटेकसारख्या राखीव मतदारसंघात मत देता येतं पण उभं राहता येत नाही, हाही प्रश्नच आहे आणि उमेदवाराला तो तोंडावर विचारायला हरकत नाही. फक्त आपल्या प्रश्नाबरोबर शेजाऱ्याचाही एक प्रश्न न्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेत राहणाऱ्याचा, कापसाला भाव न मिळालेल्याचा, दीक्षाभूमीला जाणाऱ्याचा, मोमिनपुऱ्यातल्या पोराचा. उत्तर कोणत्या प्रश्नाला मन लावून येतं ते पाहा.

पाचवी: शपथपत्र आणि वही

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. लोकसभा-विधानसभेला तो नमुना 26. त्यात प्रलंबित गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं असतं, आणि ते आयोगाच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर कोणालाही पाहता येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालामुळे हे आपल्या हातात आलं. 2020 पासून तर गुन्हे असलेल्याला उमेदवारी का दिली याची कारणं पक्षाला जाहीर करावी लागतात. ती वाचाच, कधी कधी करमणूकही होते.

गुन्ह्यांचा नुसता आकडा पाहून नाक मुरडू नका. कलम पाहा. मोर्चा काढला म्हणून दाखल झालेला गुन्हा आणि बाईला मारहाण केली म्हणून दाखल झालेला गुन्हा एका तराजूत बसत नाहीत. शिवाय गुन्हा दाखल होणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. पौल आणि सीलाही तुरुंगात होते.

मग साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक उमेदवाराला एक पान. इथ्रोचे चार गुण आणि त्याखाली एक ओळ: याच्यामुळे सगळ्यात दुबळ्या माणसाचं काय होईल? ऐकीव गोष्ट पेन्सिलने, खात्रीची पेनाने. लिहायला बसलं की कळतं, पेनाने लिहिण्यासारखं आपल्याजवळ किती कमी आहे. सगळी पानं भरून झाली की उमेदवार आणि पक्ष यांचं वजन ठरवा. नगरसेवकाला मी माणूस जास्त पाहते. खासदाराला पक्ष आणि जाहीरनामा, कारण लोकसभेत तो बहुतेक वेळा पक्षाच्या आदेशाने हात वर करतो.

कोणीच चारही गुणांत बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. परिपूर्ण राजा शोधायचा तर 1 शमुवेल 8 वाचा. राजा मागणाऱ्यांना शमुवेलाने काय काय भोगावं लागेल ते सांगितलं होतं. आपण त्यातल्या त्यात बरा निवडतो. एखादा मुद्दा मात्र असा असतो की तिथे विवेक "नाही" म्हणून आडवा पडतो: उघड द्वेष पसरवणारा, हिंसेला चिथावणारा. त्याच्या पानावर बाकी रस्ते-पाण्याचं काहीही लिहिलेलं असो, मी ते पान उलटते. नोटा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण, 2013 पासून आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी पुढे असलेला उमेदवारच निवडून येतो, हे माहीत असू द्या. मी आयुष्यात एकदा नोटा दाबला. योग्य केलं की जैतून झाले, अजून ठरत नाही.

सहावी: वेदीवरून काय चालतं

2024 च्या लोकसभेला नागपूरचं मतदान 19 एप्रिलला होतं. अर्ज भरायची शेवटची तारीख 27 मार्च आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) 29 मार्चला. प्रायश्चित्ताचा काळ आणि प्रचार असे एकमेकांत मिसळले की चर्चच्या फाटकात पांढऱ्या गाड्या दिसायला लागतात. उमेदवार उपासनेला आला तर त्याला बाहेर काढायचं नाही, देवाचं घर आहे. बाकावर बसवायचं. माईक द्यायचा नाही.

कारण कायदा स्पष्ट आहे. आदर्श आचारसंहिता चर्च, मशीद, मंदिर यांचा प्रचाराला वापर करू देत नाही. धार्मिक संस्थांच्या गैरवापराला आळा घालणारा 1988 चा वेगळा कायदाही आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 चं कलम 123 धर्माच्या नावाने मत मागणं भ्रष्ट आचरण ठरवतं आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन मतांनी, त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. याच कलमात एक बारीक गोष्ट आहे जी प्रत्येक पाळकाने वाचावी: अमक्याला मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हाही गैरप्रकार आहे. कॅथलिक धर्मगुरूंना त्यांचा चर्चचा कायदाही पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेऊ देत नाही.

पाळक काय करू शकतात? मतदान करा म्हणू शकतात, लाच पाप आहे म्हणू शकतात, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करू शकतात. तेवढं पुष्कळ आहे. त्यापुढे कोणी "मंडळीचा निर्णय झालाय" असं कानात सांगितलं तर नम्रपणे "सलाम" म्हणून घरी या.

सातवी: पाकीट

आदल्या रात्री दार वाजतं. पाकीट, साडी, कधी कुकर. लाच देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, भारतीय न्याय संहितेचं कलम 170 पाहा. लोकसभा-विधानसभेला आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकला तर शंभर मिनिटांत कारवाई व्हावी अशी व्यवस्था आहे.

हे झालं कायद्याचं. पण वस्तीतल्या एका मावशीने मला विचारलं ते जास्त अवघड होतं. "पैसे तं घेतले बाई. मुलाच्या फीला लागले. आता बायबलवर हात ठेवून घेतलाय त्यायनं. काहून मोडू?" तिला लाच वाईट हे शिकवायला जाणं सिव्हिल लाइन्समध्ये राहून सोपं आहे, म्हणून मी ते केलं नाही. मी तिला मार्कचा 6 वा अध्याय वाचून दाखवला. हेरोदाने भरल्या मेजवानीत शपथ घेतली आणि शपथेखातर, पाहुण्यांच्या लाजेखातर, योहानाचा शिरच्छेद करवला. शपथ पाळल्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिलेली नाही. वाईट गोष्टीचं वचन बांधत नाही. वचन दिलं हीच चूक, ती देवाजवळ कबूल करायची, आणि बटण दाबताना मोकळ्या मनाने दाबायचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. पुढे तिने कोणाला मत दिलं ते मी विचारलेलं नाही. मत गुप्त असतं, माझ्यापासूनही.

आठवी: घरातलं भांडण

आमच्या घरी चार मतं तीन दिशांना जातात. जेवताना वाद होतो, कधी ताट सरकवलं जातं. अशा वेळी मी 29 नोव्हेंबर 1970 काढते. त्या दिवशी याच नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, झाली. चाळीस वर्षं बोलणी चालली होती. बाळांना बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावरच, या मुद्द्यावर त्यांचं एकमत झालंच नाही. दोन्ही पद्धती ठेवल्या आणि एका मेजावर प्रभुभोजन घेतलं. बाप्तिस्म्यावर जे जमलं ते चिन्हावर जमायला काय हरकत आहे? मुलगा म्हणतो, "आई, तुझं सगळं चर्चपाशीच येऊन थांबतं." येतं.

मतदानाचा दिवस

सकाळी सात वाजता निघा, ऊन चढायच्या आत. ओळखपत्र घ्या, ते नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना यांपैकी काहीतरी. घरी आलेली मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही. मोबाइल मतदान कक्षात चालत नाही. बटण दाबल्यावर लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पाहूनच हला. तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर रडत परतू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा, ते द्यावंच लागतं. घरात 85 वर्षांवरचं कोणी असेल तर लोकसभा-विधानसभेला नमुना 12-ड वेळेत भरून घरूनच मत देता येतं. आमच्या सासूबाईंनी ते नाकारलं. "पांढरी साडी नेसून जाईन," म्हणाल्या, आणि गेल्या.

प्रार्थना घरून करून निघा. रांगेत डोळे मिटून उभं राहिलं की मागचा माणूस ओरडतो.

आणि डिसेंबर

वही फेकू नका. नागपूरकराला एक सोय आहे जी पुण्या-नाशिकच्या माणसाला नाही: हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार आपल्या गावात येतं, नेमकं नाताळच्या तोंडावर. जो निवडून आला, त्याला मत दिलं असो वा नसो, त्याच्या पानावर लिहिलेल्या आश्वासनांचा एक साधा अर्ज करा, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. गेल्या डिसेंबरात आम्ही सहा जणी गेलो होतो. तीन ख्रिस्ती, दोन बौद्ध आणि टँकरवाल्या वस्तीतली एक. अर्जात दोन ओळी होत्या: दफनभूमीची भिंत आणि पाण्याची लाइन. कोणती आधी लिहायची यावरून वाटेत, झिरो माइलजवळ, थोडं वाजलं. शेवटी पाणी वर लिहिलं. पोच माझ्याकडे आहे. भिंत आणि लाइन दोन्ही अजून व्हायच्या आहेत, आणि येत्या डिसेंबरची तारीख कळली की आम्ही पुन्हा जाणार आहोत. त्या मुलीलाही यायला सांगितलं आहे.